युरेनियमचा शोध: गैरसमज आणि वस्तुस्थिती

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गणित्राचा काटा हलला की पायाखाली युरेनियमची खाण आहे, हा सुशिक्षितांतही रूढ असलेला ग्रह भूशास्त्रीय तपासाच्या पहिल्याच पायरीवर निकालात निघतो. कारण पोटॅशियम आणि थोरियम यांच्यापासूनही गॅमा किरण निघतात, आणि केरळच्या किनाऱ्यावरील काळसर वाळू यंत्राला जो जोरकस प्रतिसाद देते, तो मुख्यतः तिच्यातील मोनॅझाइटमधल्या थोरियमचा असतो. शिवाय युरेनियमचा म्हणून मोजला जाणारा गॅमा किरणोत्सर्ग बहुतांशी रेडियमनंतरच्या त्याच्या वंशजांचा असल्यामुळे, भूजलाने युरेनियम वाहून नेले आणि रेडियम मागे राहिले, तर यंत्राची साक्ष खोटी पडते. सबब रासायनिक पृथक्करणावाचून कोणताही जाणकार तिच्यावर शिक्कामोर्तब करीत नाही.

युरेनियम अतिदुर्मीळ असते, हा दुसरा समज. वस्तुतः भूकवचात ते चांदीहून कितीतरी विपुल असून टनभर खडकात सरासरी अडीच-तीन ग्रॅम आढळते. प्रश्न आहे तो संचयाचा. ऑक्सिजनयुक्त पाण्यात ते विरघळते, भ्रंशांतून व सच्छिद्र थरांतून दूरवर जाते, आणि वाटेत सेंद्रिय द्रव्य किंवा पायराइट भेटले की अविद्राव्य होऊन तेथेच स्थिरावते. म्हणूनच मेघालयातील डोमियासियाटच्या वालुकाश्मात, वेधनातून निघालेल्या करड्या गाभ्यावर प्राचीन वनस्पतींच्या कोळशासारख्या काळ्या रेघा दिसल्या, की अभ्यासकाचे लक्ष तेथे खिळते. मूळ स्रोत, पाण्याचा मार्ग आणि त्याला अडविणारा सापळा, या तिन्हींचा मेळ ज्या मुलुखात बसत नाही, तेथे स्रोत ठरू शकणारा ग्रॅनाइट नुसता मुबलक असून भागत नाही.

तांब्यासाठी पूर्वीच परिचित असलेल्या झारखंडातील सिंहभूमच्या पट्ट्यात जादुगुडाचा साठा 1951 साली सापडला आणि खननाचा कारभार पाहणारी युरेनियम कॉर्पोरेशन 1967 साली स्थापन झाली. शोध लागला की धातू हाती आला, असे मानणाऱ्यांनी हे अंतर अवश्य ध्यानी घ्यावे.

आपल्या महाराष्ट्राचा बहुतांश भाग व्यापणाऱ्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम अल्पच असते, हे खरे. परंतु त्यावरून सारा प्रदेश बाद ठरविणे मला घाईचे वाटते. कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात, गोगी येथे, भ्रंशालगतच्या चुनखडकात व त्याखालील ग्रॅनाइटमध्ये युरेनियम सापडले आहे, आणि गोगी ज्या भीमा खोऱ्यात आहे, तेथील प्राचीन खडक उत्तरेकडे बेसॉल्टखाली शिरतात. त्या आवरणाखाली काय दडले आहे, याचा निर्णय भूभौतिक मोजणीला आणि अखेरीस वेधनालाच द्यावा लागेल.