मिठाचा दाणा, शिशाचा स्फटिक

शिरोड्याचे मिठागर म्हटले की लोकांना १९३० चा सत्याग्रह आठवतो. मी मालवणहून तिथे जातो तो दाणे पाहायला. खिशात भिंग असते. एकाच आगरात एक दाणा भरीव चौकोनी निघतो, तर दुसरा उलट्या पायऱ्यांच्या पिरॅमिडसारखा पोकळ. समुद्र तर एकच! आगरातल्या एका म्हाताऱ्याने उलगडा केला : "बाबा, वाऱ्याची घाय झाली काय दाणो पोकळ जाता."

त्याचे खरे आहे. पाणी झपाट्याने आटू लागले की स्फटिकाच्या कडा-कोपऱ्यांना मिठाचा पुरवठा आधी होतो, मध्यभाग मागे राहतो. सावकाश आटले तर दाणा भरतो. मात्र फारच आटू दिले तर उरल्या पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. मीठ कडवट होते, पावसाळ्यात पाझरते. म्हणून ते पाणी वेळीच सोडून द्यायचे.

मिठात सोडियम आणि क्लोरीन ज्या चौकटीत एकाआड एक बसतात, त्याच चौकटीत शिसे आणि टेल्युरियमही बसतात. हे लेड टेल्युराइड. त्याचे एक टोक तापवून दुसरे गार ठेवले की वीज निर्माण होते. हा परिणाम झेबेकने १८२१ मध्ये, अर्थात दुसऱ्या धातूंत, पाहिला होता. मंगळावरचे 'क्युरिऑसिटी' प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज मिळवते ती लेड टेल्युराइड आणि त्याच्या भाऊबंदांकडूनच.

इथे आगर म्हणजे निर्वात करून बंद केलेली क्वार्ट्झची नळी. सुमारे ९२४ अंश सेल्सियसला वितळलेला रस भट्टीतून तासाला काही मिलिमीटर अशा गतीने खाली उतरवत गोठवतात. टेल्युरियम उडून जाण्याची खोड मोठी. ते किंचित कमी पडून शिसे वरचढ झाले की वीज ऋणभारित इलेक्ट्रॉन वाहून नेतात. टेल्युरियम वरचढ झाले की इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, म्हणजे धनभार. डोळ्यांना दोन्ही तुकडे सारखेच दिसतात.

जितका संथ, जितका निर्दोष, तितका स्फटिक उत्तम, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. एका व्याख्यानात ठासून सांगितलेही. ती चूक होती. या पदार्थातून वीज सहज जायला हवी, उष्णता मात्र अडायला हवी. नाहीतर गार टोकही तापते आणि वीज घटते. निर्दोष स्फटिक दोन्हींना वाट देतो. म्हणून पुष्कळदा रस झटकन गोठवतात, त्याची पूड करतात आणि ती तापवून दाबतात. बारीक कणांच्या सीमांवर उष्णतेची कंपने विखुरतात, विजेला त्यामानाने कमी अडथळा होतो.

परवा पोकळ दाण्यांची पुडी घरी आणली. जिभेवर ते पटकन विरघळतात. लोणच्याला मात्र आमच्याकडे जाडे मीठच लागते.