आडनावाचा पुरावा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या काकांनी एका मोडी कागदाची छायाप्रत माझ्यापुढे ठेवली. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची आहे आणि वंशवृक्षाच्या मुळाशी आणखी एक पिढी जोडायची, असा त्यांचा बेत. कागद वतनाच्या तंट्यातल्या निवाड्याचा. शेवटी साक्षीदारांची नावे, त्यांत एक कुलकर्णी. पहिले नाव आमच्या ज्ञात मूळपुरुषाच्या वडिलांचे, आडनाव आमचेच, गाव आमच्यापासून दोन कोसांवर. “आणखी काय हवं तुला?” काका म्हणाले.

मी कोणत्याही विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. मोडी शिकलो तोही नोकरी सांभाळून, चाळिशीच्या आतबाहेर. पण दप्तरांत बसून एक गोष्ट पक्की समजली, की आडनाव हे माणसाला शोधण्याचे साधन आहे, माणूस ओळखण्याचे नव्हे. काकांना हे एका वाक्यात सांगता आले नाही, म्हणून हा लेख.

पहिली अडचण त्या शब्दातच आहे. निवाड्यातले ‘कुलकर्णी’ हे आडनाव नाही, काम आहे. गावोगाव पाटील होता तसा हिशेब लिहिणारा कुलकर्णी होता. दोन गावचे दोन कुलकर्णी एका घरचे असतील किंवा नसतील, शब्दावरून काही ठरत नाही. हेच चिटणीस, फडणीस, पोतनीस यांचे. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. ‘फडणीस’ शोधणाऱ्याला भानू घराणे सापडत नाही आणि ‘भानू’ शोधणाऱ्याच्या हातून नाना निसटतात. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे. हुद्दा पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिला, त्याचेच आडनाव झाले, आणि पुढे त्याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली. पत्रे लिहिणारे आणि इतिहास सांगणारे असे एकाच आडनावाखाली येतात. इथे नाते खरे आहे, पण ते वंशावळीने सिद्ध होते, ‘चिटणीस’ या शब्दाने नव्हे.

जुने लेखक या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार होते. ते बापाचे नाव सोडत नसत. बाळाजी आवजींचा मुलगा खंडो बल्लाळ, यातला ‘बल्लाळ’ म्हणजे बाळाजीच. दोन माधवराव पेशवे कागदांत वेगळे कळतात ते आडनावाने नाही, कारण दोघेही भटच. एक माधवराव बल्लाळ, दुसरे माधवराव नारायण. इतरांच्या नावांत मध्ये ‘बिन’ किंवा ‘वलद’ येते, तेही यासाठीच. म्हणून मी बरीच वर्षे असे धरून चाललो होतो की बापाचे नाव जुळले की काम झाले.

हा भ्रम छापील ग्रंथांनी घालवला, आणि त्यात माझी चांगलीच फजिती झाली. एका छोट्या लेखात मी इतिहासाचार्य राजवाडे यांच्या कामांची यादी देताना दुर्गाचार्यांच्या वृत्तीसह निरुक्ताची आनंदाश्रमाची आवृत्तीही त्यांच्या नावावर टाकली. इंग्रजी सूचीत संपादक ‘व्ही. के. राजवाडे’ असा होता. वडिलांचे नाव काशिनाथ, गाव पुणे, सारे जुळत होते. लेख छापून आल्यावर एका वृद्ध वाचकाचे पोस्टकार्ड आले, त्यात एकच ओळ होती. हे वैजनाथ, विश्वनाथ नव्हेत.

वैजनाथ काशिनाथ हे विश्वनाथ काशिनाथांचे थोरले बंधू, फर्ग्युसन महाविद्यालयातले प्राध्यापक, वेद आणि निरुक्ताचे अभ्यासक. भावाभावांत बापाचे नाव तेच असणार, एवढे साधे मला सुचले नव्हते. मराठीत वि. का. आणि वै. का. अशी एका मात्रेची का होईना खूण राहते. रोमन आद्याक्षरांत तीही जाते. सनावरून पकडावे, तर भांडारकर संस्थेने काढलेला निरुक्ताचा इंग्रजी ग्रंथ १९४० चा आहे. इतिहासाचार्य ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, म्हणून तो त्यांचा नाही हे कळते. पण आनंदाश्रमाची आवृत्ती १९२१ आणि १९२६ ची, म्हणजे दोघेही हयात असतानाची. विषयावरून पकडावे, तर ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढणाऱ्या माणसानेच ‘संस्कृत भाषेचा उलगडा’ लिहिला आणि ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरणही. शब्दांच्या मुळाशी जाण्याचा नाद दोघांनाही होता. त्यात भर म्हणून पुण्यात तिसरे राजवाडेही होते, नासदीय सूक्तावर भाष्य लिहिणारे आहिताग्नी. पण ते शंकर रामचंद्र, तेवढा तरी दिलासा.

मला वाईट वाटले ते चुकीचे नव्हे, चुका मी पुष्कळ केल्या आहेत. धाकट्या भावाच्या कीर्तीत थोरल्याचे आयुष्यभराचे काम मी एका फटक्यात बुडवले, याचे.

कोसंबींकडे गुंता उलटा आहे, बाप-लेकांचा. गोव्याच्या साखवाळचे पाली पंडित धर्मानंद दामोदर कोसंबी, आणि त्यांचे चिरंजीव, गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद. नातवाला आजोबांचे नाव ठेवायच्या आपल्या रिवाजामुळे इंग्रजीत दोघेही ‘डी. डी. कोसंबी’. हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत वॉरन यांनी सुरू केलेला आणि धर्मानंदांनी पुन्हा तपासलेला विसुद्धिमग्ग १९५० मध्ये निघाला, तो ४१ वा खंड. त्यालाच लागून ४२ वा, १९५७ चा सुभाषितरत्नकोश, संपादक दामोदर कोसंबी आणि वा. वि. गोखले. धर्मानंद १९४७ मध्येच सेवाग्रामला गेले होते, म्हणजे इथे मृत्यूचे सालही फसवते. पुस्तक त्यांचेच, पण निघाले तीन वर्षांनी.

तेव्हापासून मी कार्डावर आद्याक्षरे लिहीत नाही. पूर्ण नाव, बापाचे नाव, भावंडे माहीत असल्यास तीही, आणि प्रस्तावनेखालची सही व गाव. सूचीवर विसंबण्याऐवजी पुस्तक हातात घेतो.

काकांच्या कागदाला हीच कसोटी लावली. साक्षीदाराच्या नावापुढे बापाचे नाव होते, पण नेमकी तिथेच कसर लागलेली. मग मी त्यांना म्हटले, इनाम कमिशनपुढे वतनदारांनी आपापल्या कैफियती दिल्या, त्यांत वंशावळी जोडलेल्या असतात. त्या शेजारच्या गावची सापडली तर बघू. अर्थात त्या वंशावळीही हक्क सांगण्यासाठी लिहिलेल्या, तेव्हा त्यांतही एखादी पिढी सोयीने वाढलेली असू शकते. काका हसले नाहीत. ते नव्वदीला टेकले आहेत आणि पुस्तक त्यांना हयातीत पाहायचे आहे.

दिवाळीनंतर मी पुण्याला दप्तर पाहायला जाणार आहे. तोवर छापखान्यात गेलेल्या वंशवृक्षात त्या नावाखाली तुटक रेघ काढली आहे. काकांना ती मुळीच आवडलेली नाही.