दहा युनिट म्हणजे नेमके किती?

काही वर्षांपूर्वी दहा खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी पहाटेच्या फेरीस गेलो, तेव्हा सत्तरीच्या एक आजी घामाने निथळत होत्या; हाकेला ओ देत नव्हत्या. रक्तशर्करा ३८ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले. केसपेपरवर रात्रीची नोंद होती : इन्सुलिन, १० युनिट. अक्षर माझेच होते आणि मात्राही योग्यच होती.

मग चुकले कोठे? मुलाने शहरातून आणलेले इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधले होते आणि पेन घरीच राहिले होते. सिस्टरांनी ते नेहमीच्या सिरिंजमध्ये ओढून घेतले. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असते, पेनमधील १००. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या हिशेबाने आखलेली असते. तिच्या दहाच्या रेषेपर्यंत १०० चे इन्सुलिन भरले, की शरीरात २५ युनिट जातात. त्या रात्री सिस्टर एकट्याच होत्या. त्यांना दोष देणे सोपे होते. परंतु कोणते इन्सुलिन, हे मीच लिहिले नव्हते.

म्हणून वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेताना त्यांची सर्व औषधे मूळ वेष्टनांसह पिशवीत घालून न्या, इन्सुलिनचे पेनही. ‘रक्तदाबाची पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावरून आम्हांला काहीही उमगत नाही. इंजेक्शनपूर्वी ‘हे कोणते, किती ताकदीचे?’ असे अवश्य विचारा. माझ्या पिढीतील काही डॉक्टरांना असे प्रश्न रुचत नाहीत, हे मी जाणतो, तरीही विचारा.

घरी परतताना नवी चिठ्ठी आणि जुन्या गोळ्या समोरासमोर ठेवून डॉक्टरांकडून ताडून घ्या. दोन निरनिराळ्या नावांच्या पाकिटांत एकच ग्लिमेपिराइड असू शकते; दोन्ही घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते. संधिवातासाठी दिलेले मेथोट्रेक्सेट तर आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास ते जीवघेणे ठरू शकते. त्याच्या पाकिटावर वाराचे नाव ठळक लिहून घ्या. औषधाचा काही दुष्परिणाम जाणवल्यास आपल्या डॉक्टरांना तर कळवाच, शिवाय १८००-१८०-३०२४ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावरही त्याची नोंद करता येते.

त्या रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये आता कार्ट्रिजचा डबा वेगळा आहे. त्यावर सिस्टरांनी लाल शाईने लिहिले आहे : ‘सिरिंजने काढू नये.’