पान्हा आणि टाळेबंदी

मे 2020 मधील ही गोष्ट आहे. टाळेबंदी लागून दोन महिने होत आले होते आणि पुण्या-मुंबईकडे पोटासाठी गेलेली माणसे मिळेल त्या वाहनाने, प्रसंगी पायी, आमच्या वऱ्हाडात परतत होती. कारंजा तालुक्यातील आमच्या धनजमध्येही अशी कुटुंबे आली आणि गावच्या रिवाजाप्रमाणे त्यांचे स्वागत होण्याऐवजी त्यांना चौदा दिवसांसाठी शाळेत ठेवण्यात आले. साथीच्या काळात ते अपरिहार्यच होते. त्यांतच आमच्या शेजाऱ्यांची सून होती. पदरात बारा दिवसांचे मूल, आणि तिला खोकला. तिची तपासणी झाली, अहवाल यायला चार दिवस लागले, आणि तोवर ‘बाळाला जवळ घेऊ नका’ असे कोणीतरी सांगून गेले. कोणी सांगितले, कोणत्या आधारावर सांगितले, हे शेवटपर्यंत कळले नाही.

सासूबाई कुंपणापलीकडून मला म्हणाल्या, “सर, पाजू का नोको, येवढं कोनाले तरी इचारून सांगा न.” मी एका कार्यालयात दूरध्वनी केला. ‘आमच्याकडे तसा काही आदेश नाही’ असे उत्तर मिळाले. पाजू नये असा आदेश नाही की पाजावे असा नाही, याचाही उलगडा झाला नाही. मग शिकलेल्या माणसाने करावे तेच मी केले : पैसे खर्च केले. दूधभुकटीचा एक डबा आणून शाळेच्या फाटकाशी ठेवला आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी परतलो.

ते कर्तव्य नव्हते, हे मला नंतर समजले. एक तर कायद्यानेच ते वर्ज्य आहे. अर्भक-दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशुआहार यांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा 1992 मध्ये झाला व 2003 मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यातील पाचव्या कलमाप्रमाणे असे डबे वा बाटल्या कोणालाही दान देता येत नाहीत, अपवाद अनाथाश्रमाचा. दानशूर मंडळींनी टाळेबंदीत शिधा वाटला त्यात किती ठिकाणी दूधभुकटीचे डबे होते, याची गणती कोणी ठेवलेली नाही. पण देणाऱ्यांपैकी शंभरात एकालाही हे कलम ठाऊक नसावे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या मला तरी कोठे ठाऊक होते?

कायदा इतका कठोर का, याचे उत्तर इंडोनेशियात सापडते. 2006 साली योग्यकार्ता परिसरात भूकंप झाला आणि मदत म्हणून दूधभुकटीचा पूर लोटला. पुढे पाहणी झाली तेव्हा दिसले की, दान आलेली भुकटी ज्या तान्ह्या मुलांना मिळाली त्यांच्यात आठवडाभरातील अतिसाराचे प्रमाण 25.4 टक्के होते आणि ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्यात 11.5 टक्के. कारण गूढ नाही. भुकटीला उकळलेले पाणी लागते, स्वच्छ भांडे लागते, सरपण लागते, आणि ज्या घरात डबा महिनाभर पुरवायचा असतो तेथे दोन चमच्यांच्या जागी एक चमचा पडतो. शिवाय मूल अंगावर ओढेनासे झाले की पान्हा आटतो. मागणी घटली की पुरवठा घटतो, हा आमच्या शास्त्राचा नियम निसर्गाने इतक्या काटेकोरपणे अन्यत्र क्वचितच पाळला असेल. म्हणजे चार दिवसांचे दान आईला चार-सहा महिन्यांचे गिऱ्हाईक करून सोडते.

राहिला प्रश्न रोगाचा. जागतिक आरोग्य संघटनेने साथीच्या प्रारंभापासून सांगितले होते की, बाधित मातेनेही हात धुवून, तोंडाला मुखपट्टी बांधून बाळाला अंगावर पाजावे. आणि जून 2020 मध्ये उपलब्ध पुरावा तपासून तिने हाच सल्ला पुन्हा दृढ केला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र आरंभी माता-बालकांना काही काळ अलग ठेवण्याचा सल्ला दिला व त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदलला. मोठमोठे तज्ज्ञ जेथे चाचपडत होते तेथे गावातील एखाद्या माणसाने भीतीपोटी चुकीचे सांगितले तर त्याला फार दोष देता येत नाही. पण मुंबईत नायर रुग्णालयात त्याच उन्हाळ्यात बाधित मातांची बाळंतपणे मोठ्या संख्येने पार पडत होती. हा अनुभव आपल्याच राज्यातला होता. मुंबई ते धनज हे अंतर विषाणूने काही दिवसांत कापले. ज्ञानाला ते कापता आले नाही.

वास्तविक हे ज्ञान पोहोचविण्याची वाट विदर्भानेच घालून दिलेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतील साध्या स्त्रियांना नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी उतरल्याचे त्यांचे संशोधन 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर 2011 पासून देशभर आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी जावे अशी योजना आली. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी, आणि सहाही भेटींचा एकत्रित मोबदला 250 रुपये. बाळ नीट ओढते की नाही हे पाहणे, चिकाचे दूध टाकून देऊन मध चाटविणाऱ्या आजीची समजूत घालणे, स्तनाला गाठ आली तर शेकायला सांगणे, हे सारे त्यात आले.

साथीत याच आशांना घरोघर ताप मोजायला, परगावाहून आलेल्यांच्या याद्या करायला लावले. ते कामही निकडीचे होते. परंतु बाळंतिणीचे दार कोणी ठोठवायचे, हे कोणी ठरविले नाही. जून 2021 मध्ये राज्यातील सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या तेव्हा वृत्तपत्रांतून मानधनाच्या आकड्यांची पुष्कळ चर्चा झाली. त्या भेटी देत नव्हत्या तेव्हा कोणाचे काय बुडाले, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

हिशेब मांडणार तरी कसा? माझा डबा विकला गेला तेव्हा त्याची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात जमा झाली. मूल आजारी पडून औषध आणावे लागले तर तीही जमा होईल. आईचे दूध मात्र कोणत्याही खात्यात नाही. वर्गात हे उदाहरण मी वर्षानुवर्षे देत आलो आणि मुले हसत आली. 2017 च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील स्त्रीला सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि ते योग्यच झाले. परंतु सोयाबीनच्या निंदणाला आणि कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या आमच्याकडच्या स्त्रीला साथ असो वा नसो, दीड-दोन महिन्यांत कामावर जावेच लागते. सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे हा उपदेश तिने मानावा तो कोणाच्या मजुरीवर?

शाळेतल्या त्या सुनेचा अहवाल चांगला आला. तोवर बाळ बोंडल्याला सरावले होते. गावातील एका निवृत्त परिचारिकाबाईंनी तिला जवळ बसवून दर दोन तासांनी बाळाला अंगावर लावायला शिकविले. आठवडाभराने दूध पुन्हा उतरले, पण पहिल्यासारखे पुरेसे नव्हे. वरचे दूध सुरूच राहिले. त्या बाईंना हे करायला कोणी सांगितले नव्हते, त्यांना कोणी मोबदलाही दिला नाही. जिल्ह्याच्या आपत्ती-आराखड्यात धान्य, पाणी, निवारा यांच्यासोबत तान्ह्या बाळाच्या आईजवळ कोण बसेल, तिचा फोन कोण घेईल आणि त्या दोन तासांचे पैसे कोण देईल, एवढ्या तीन ओळी लिहायला पुढच्या साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.