हिऱ्याच्या पोटातून गेलेली वाट

तीन गोदामे आणि बारा गावचे ग्राहक. कोणत्या गोदामातून कोणत्या गावी किती पोती रवाना केली म्हणजे एकूण भाडे सर्वांत कमी पडेल? पेढीवरचे जुने मुनीम हा हिशोब अनुभवाने करीत आणि तो बहुधा बरोबरच निघे. परंतु गोदामांच्या जागी दूरध्वनीची असंख्य केंद्रे आणि पोत्यांच्या जागी लक्षावधी संभाषणे आली की अनुभव थिटा पडतो. गणितात अशा प्रश्नांना रेषीय नियोजन म्हणतात. या शाखेत एका मराठी माणसाचे नाव कायमचे कोरले गेले आहे.

नरेंद्र करमरकर यांचा जन्म ग्वाल्हेरच्या मराठी घरातला. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली पदवी, पुढे अमेरिकेत कॅल्टेक, आणि १९८३ साली बर्कली येथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट. नंतर ते एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. वयाची तिशीही तेव्हा उलटली नव्हती.

त्यांनी काय केले, हे आपल्यापैकी जव्हेरी बांधवांना चटकन उमगेल. पैलू पाडलेला हिरा डोळ्यांसमोर आणावा. प्रत्येक पैलू म्हणजे एक अट : या गोदामात इतकाच माल, त्या ग्राहकाला इतका हवाच. हिऱ्याच्या आतील प्रत्येक बिंदू हे एक चालू शकेल असे उत्तर. सर्वोत्तम उत्तर मात्र कोठल्यातरी कोपऱ्यावर असते. जॉर्ज डँटझिग यांची १९४७ सालची सिम्प्लेक्स पद्धत कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जात तेथे पोहोचते. व्यवहारात ती वेगवान होती. परंतु १९७२ साली क्ली आणि मिंटी यांनी असा एक तिरपा आकार रचून दाखविला, की त्यात तिला प्रत्येक कोपरा फिरावा लागतो. आणि पन्नास परिमाणांच्या तशा आकाराला एकावर पंधरा शून्यांहूनही अधिक कोपरे असतात! १९७९ साली सोव्हिएत गणिती खाचियान यांनी वेळेची हमी देणारी पद्धत शोधली, पण ती प्रत्यक्षात फारच मंद निघाली.

करमरकर थेट हिऱ्याच्या पोटात शिरले. प्रत्येक पावलानंतर ते सबंध आकृतीच अशी पालटतात, की आपण उभे असलेला बिंदू मध्यभागी यावा. मध्यभागातून कोणतीच भिंत जवळ नसते, म्हणून पाऊल लांब टाकता येते. हमीही मिळाली आणि वेगही. शोधनिबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर त्याची बातमी आली.

येथून कथेला निराळे वळण लागते. नवी पद्धत पन्नासपट वेगवान असल्याचा दावा झाला. पण तो पडताळण्यासाठी लागणारा तपशील कंपनीने हाती ठेवला. विद्वान चिडले. काहींनी निबंधावरूनच स्वतः मांडणी केली आणि १९८६ साली दाखवून दिले, की या रीतीचे साठच्या दशकातील एका विस्मृत पद्धतीशी जवळचे नाते आहे. पुढे कळले, की दिकिन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६७ सालीच याच वळणाची रीत छापली होती. पाश्चात्त्यांपैकी कोणाचे तिकडे लक्षच गेले नव्हते. वेळेची हमी मात्र करमरकरांनीच सिद्ध केली, हे श्रेय अबाधित राहिले.

१९८८ साली कंपनीला या पद्धतीचे पेटंट मिळाले. गणिताच्या रीतीवर मालकी असावी काय, यावर मोठा वाद झाला. संशोधकाला पगार देणाऱ्याने परतावा मागावा, यात गादीवर बसणाऱ्या कोणालाही वावगे वाटू नये. मलाही वाटत नाही. पण सौदा फसला. कंपनीने ‘कोरबेक्स’ नावाची यंत्रप्रणाली सुमारे ८९ लाख डॉलर किमतीला बाजारात आणली. गिऱ्हाईक मोजकेच मिळाले. जी गोष्ट कुलपात ठेवली, तिचे मर्म निबंधातून आधीच बाहेर पडले होते. अंतर्बिंदू पद्धतींवर जगभर निबंधांचा पूर लोटला, आणि स्पर्धेमुळे जुन्या सिम्प्लेक्सचे प्रोग्रामही कितीतरी सुधारले.

करमरकर पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले आणि महासंगणकाच्या रचनेकडे वळले. पेटंटची मुदत २००६ साली संपली. आज असे हिशोब सोडविणारे काही प्रोग्राम दोन्ही पद्धती एकाच वेळी सुरू करतात, एक कडेने आणि दुसरी पोटातून. जी आधी पोहोचेल तिचे उत्तर घेतात आणि दुसरी तेथेच थांबवितात.