तुडतुड्यांनी बदललेले शेतीधोरण

एके काळी जगातील सर्वांत मोठ्या तांदूळ-आयातदारांत ज्याची गणना होत असे त्या इंडोनेशियाने 1984 साली स्वयंपूर्णता संपादन केली. परंतु पुढील दोनच वर्षांत, नवे वाण, कालव्याचे पाणी, रासायनिक खते आणि ज्यांच्या किमतीचा मोठा हिस्सा सरकारी खजिन्यातून भरला जाई ती कीटकनाशके हाताशी असूनही, जावा बेटावरील भातखाचरे जागोजागी करपून वाळू लागली. कारण होते तपकिरी तुडतुडा. हा इवलासा कीटक चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या किंचित वर बसून रस शोषतो. आणि नवल असे की, जेथे फवारणी जास्त, तेथेच त्याचा उपद्रव अधिक होता.

या विपरीताचा उलगडा पीटर केनमोर या परिसरशास्त्रज्ञाने फिलिपिन्समधील भातशेतीत आधीच केला होता. तुडतुड्याची मादी पर्णकोषाच्या आत अंडी घालते, तेथे औषध सहसा पोहोचत नाही. मात्र चुडाभोवती फिरणारे कोळी आणि ती अंडी शोधून शोषणारे ढेकूणवर्गीय कीटक हे उघड्यावर असल्याने प्रथम बळी पडतात, आणि मग उबलेल्या पिलांना शत्रूहीन रान मोकळे मिळते. संरक्षणासाठी केलेला खर्चच अशा रीतीने किडीचा पोशिंदा ठरला होता. नोव्हेंबर 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी फर्मान काढून 57 कीटकनाशकांस भातपिकावर मनाई केली, 1989 पर्यंत अनुदानही बंद झाले, आणि तरीही देशाचे तांदळाचे उत्पादन घटले नाही.

फर्मानाने विष थांबते, पण पीक राखण्याचे ज्ञान येत नाही. त्यासाठी शेतावरच्या शाळा निघाल्या. शेतकरी दर आठवड्याला बांधावर जमत, चूड वाकवून किडी आणि त्यांचे शत्रू मोजत, दिसले तसे कागदावर रेखाटत. जाळीने झाकलेल्या रोपावर तुडतुडे सोडून त्यांत एक कोळी ठेवीत आणि तो किती फडशा पाडतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहत. ज्याने हे एकदा पाहिले, त्याला व्याख्यानाची गरज उरत नाही.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील अत्यंत मोलाचा शोध 1996 साली प्रसिद्ध झाला. लावणीनंतर, तुडतुडे अवतरण्यापूर्वीच, खाचरातील कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर असंख्य निरुपद्रवी कीटक पोसले जातात आणि त्यांच्यावर कोळ्यांची फौज आधीच उभी राहते, असे जाव्यातील शेतांत दिसून आले. म्हणजे खाचरात कुजणारे शेणखतही केवळ रोपाचे अन्न नसून पिकाच्या पहारेकऱ्यांचाही शिधा आहे, आणि हंगामाच्या आरंभीची ‘खबरदारीची’ फवारणी ही सर्वांत घातक होय.

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातही हाच तुडतुडा दरसाल धास्ती घालतो. तेथील शेतकरीबंधूंस एवढीच विनंती आहे की, पंप खांद्यावर घेण्यापूर्वी बांधीत उतरावे, दहा-वीस चूड वाकवून पाहावेत, आणि तुडतुड्यांबरोबर कोळ्यांचीही मोजदाद करावी.