अंधारातील क्षितिज

१ जानेवारी १९७८, रविवार. रात्री पावणेनऊच्या सुमारास एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून दुबईकडे निघाले. किनारा ओलांडल्यावर ते हलकेच उजवीकडे वळले, क्षणभर सरळ झाले आणि मग डावीकडे कलू लागले. ते पुन्हा सावरलेच नाही. जमीन सोडल्यापासून १०१ सेकंदांत ते वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले. विमानातील १९० प्रवासी व २३ कर्मचारी, एकूण २१३ माणसे मृत्युमुखी पडली.

प्रथम घातपाताचा संशय घेण्यात आला, पण तो टिकला नाही. मग मुरब्बी वैमानिकाच्या हातून उडते विमान समुद्रात गेले कसे? याचा उलगडा होण्यास आधी आपल्या कानाची रचना पाहिली पाहिजे.

अंतर्कर्णात एकमेकींशी काटकोन करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरले की नलिका फिरते, द्रव मात्र मागे रेंगाळतो. त्यामुळे आतील केसांसारखे सूक्ष्म तंतू वाकतात आणि मेंदूस वर्दी जाते. फुगडी थांबल्यावरही अंगण फिरत राहते ते याचमुळे. आपण थांबतो, द्रव थांबलेला नसतो. परंतु फिरणे फार संथ असेल, सेकंदास सुमारे २ अंशांहून कमी, तर ही वर्दी जातच नाही. शिवाय विमान कलून नीट वळत असता गुरुत्वाकर्षण आणि वळणामुळे जाणवणारा केंद्रोत्सारी जोर यांची बेरीज बैठकीच्या रोखानेच होते. पेल्यातील चहादेखील हिंदकळत नाही. डोळे मिटलेल्या प्रवाशास आपण सरळ बसलो आहोत असेच वाटते. दिवसा क्षितिज ही चूक सुधारते. त्या रात्री शहराचे दिवे पाठीमागे राहिले होते. पुढे काळे पाणी आणि काळे आकाश यांतील सीमारेषा दिसण्याजोगी नव्हती.

अशा वेळी वैमानिकास आधार असतो तो कृत्रिम क्षितिजाचा. या उपकरणाचे मर्म म्हणजे घूर्णी, अर्थात गायरोस्कोप. वेगाने फिरणारा भोवरा आपली आस सहजासहजी सोडत नाही. तद्वत विमान कलले तरी घूर्णीची आस आपली दिशा धरून राहते, आणि तिच्याशी ताडून विमानाचा कल तबकडीवर दिसतो. हे उपकरण बिघडले की वैमानिक ‘लवंडले’ म्हणतात. पारिभाषिक कोशांत शोधूनही याहून चपखल शब्द मला सापडला नसता.

कप्तानापुढील तबकडी लवंडली ती उजवा कल दाखवीतच. विमान सरळ झाले, तबकडी झाली नाही. ती सरळ व्हावी म्हणून कप्तानाने विमान डावीकडे कलविले. तबकडी हलेना, तेव्हा आणखी कलविले. सहवैमानिकानेही आपली तबकडी लवंडल्याचे सांगितले. विमान अतोनात कलले की बिनबिघाड तबकडीवरील चित्रही बिघडल्यासारखे भासते, हे येथे ध्यानी घ्यावे. अभियंत्याने दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला, पण तोवर विमान ९० अंशांपलीकडे कलले होते. पंख असे उभे झाले की त्यांचा उचलून धरणारा जोर आडवा लागतो आणि वजन पेलण्यास काही उरत नाही. उंचीही फारशी हाताशी नव्हती. कप्तानाची तबकडी बिघडली आणि इतर उपकरणांवरून विमानाची स्थिती ओळखता आली नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

पुढे दोन तबकड्यांत तफावत पडताच भोंगा वाजविणारी यंत्रणा विमानांत रूढ झाली. तथापि २२ डिसेंबर १९९९ रोजी लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून संध्याकाळच्या अंधारात उडालेले कोरियन एअरचे मालवाहू बोइंग ७४७ सुमारे ५५ सेकंदांत, जवळजवळ याच रीतीने, डावीकडे कलून जमिनीवर आदळले. चौघेही कर्मचारी मृत्यू पावले. कप्तानाचीच तबकडी बिघडलेली होती. भोंगा वारंवार वाजला, अभियंताही कलाविषयी सांगत होता. सहवैमानिक मात्र गप्प राहिला. आज विमानाच्या प्रतिकृति-कक्षात वैमानिकांना मुद्दाम असाच बिघाड देतात, आणि तिन्ही तबकड्या ताडून पाहण्याचा व दिसलेली तफावत कप्तानास मोठ्याने सांगण्याचा सराव करवितात.